सतरा नंबरची ओळ

३ जून, मंगळवार
डायरेक्टरसाहेबांनी भर मीटिंगमध्ये काम माझ्या गळ्यात मारलं. आपल्या हॉस्पिटलात नोंदणीचं सॉफ्टवेअर एक, लॅबचं दुसरं, औषधांचं तिसरं, वॉर्डचं चौथं. चौघांचं एकमेकांशी बोलणं नाही, भावकी मेली. आता मध्ये एक प्लॅटफॉर्म बसवायचा, तो इकडची माहिती तिकडे पोचवणार. दोन कंपन्या शेवटपर्यंत टिकल्यात. एक मोठी, देशोदेशी कारभार असलेली. दुसरी पुण्याची, छोटी. या वहीपुरतं 'मोठे' आणि 'पुणेकर'. दोघांना सारख्याच वीस परीक्षा घालायच्या, गुण द्यायचे, तक्ता साहेबांपुढे ठेवायचा.
चौदा वर्षं झाली, माझ्या खोलीबाहेर 'प्रोग्रॅमर' अशीच पाटी आहे. त्यातलं 'प्रो' गळून पडलंय, उरलंय 'ग्रॅमर'. कोणाला लावून घ्यायची शुद्ध नाही.

९ जून, सोमवार
सोळा परीक्षा लिहून झाल्या. चहाच्या वेळेला रेकॉर्ड रूमचे अप्पा वर आले. तीस वर्षं तळघरात फायलींत काढली माणसानं, कपाळाला भस्म, खिशाला लाल पेन. म्हणाले, "मॅडम, माहेर-सासर घातलं का त्यात?"
मी म्हटलं, म्हणजे?
"पोरगी लहानपणी हितं अ‍ॅडमिट होती, पूजा म्हणून. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवं नाव लिहिलं, झाली अक्षता. बापाचं नाव गेलं, नवऱ्याचं आलं. आडनाव गेलं. गाव गेलं. मग पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की हितंच येती. आता कंप्युटरला कसं कळायचं की ही तीच?"
मला सुचलं नव्हतं. आणि मी कोण? करमाळ्याची लता, लग्नात अनुराधा झालेली. इथल्याच कॉलेजात शिकले, इराच्या वेळी याच हॉस्पिटलात बाळंत झाले. आयत्या वेळी इंजेक्शन बदललं होतं माझं, खालून कोणाचा तरी फोन आला होता म्हणे. कळांत कोण विचारतंय.
अप्पांची यासाठी एक लांबट वही आहे. डावीकडे माहेरचं नाव, उजवीकडे सासरचं, खाली एखादं औषध चालत नसेल तर लाल पेननं नोंद. नोंदणीच्या पोरी अडल्या की खाली फोन करतात. अप्पा वही बघून सांगतात. इतकी वर्षं असंच चाललंय.
परीक्षा क्र. १७ - माहेर-सासर. बाकी सगळ्यांना पाच गुण, हिला दहा. पहिल्या मसुद्यावर रेकॉर्डतर्फे अप्पांची सही घेतली. फारच खूश झाले.

१२ जून, गुरुवार
पुणेकर आले. दोन मुलं आणि एक लॅपटॉप, तोही गरम होऊन आवाज करणारा. लॅबचे रिपोर्ट पाठवायला वेळ लागतो. स्क्रीन अगदीच रडक्या. पण १७ ला त्यांनी मला गार केलं. पूजा आणि अक्षता अशा दोन नोंदी टाकल्या. जन्मतारीख एक, आईचं नाव एक, मोबाइल बापाचा. त्यांचं यंत्र थांबलं आणि विचारलं, हीच का ती? माणसानं हो म्हटल्याशिवाय पुढे जाईना.
"आमच्या ताईचं पण नाव बदललं मॅडम," त्यातला एक म्हणाला. "म्हणून हे घातलंय."

१७ जून, मंगळवार
मोठ्यांचा दिवस. काय तो थाट! स्क्रीन काय, वेग काय. लॅबचा रिपोर्ट इकडे सोडला की तिकडे वॉर्डात हजर. बाकी एकोणीस परीक्षांत बहुतेक ठिकाणी पुणेकरांपेक्षा अर्धा गुण पुढेच.
१७ ला नापास. सपशेल. नावं बदललेली दिसली, त्यांनी मुकाट्यानं नवी पेशंट तयार केली. ना थांबले, ना विचारलं. त्यांच्या लेखी ती बाई आजच जन्माला आली. इंजिनिअर म्हणाला, त्याचं वेगळं मॉड्यूल आहे, नंतर बसवता येतं.
नंतर.
जिन्यात साहेब भेटले. "काय मग, मोठेच ना? ते आले तर आपल्याला एक इंटिग्रेशन हेड लागेल. तुमच्याशिवाय कोण आहे?" हैदराबादला तीन आठवडे ट्रेनिंग. सर्टिफिकेट. मी वरवर काही दाखवलं नाही. पण दोन-दोन पायऱ्या चढत वर आले, सेहेचाळीस वर्षांची घोडी.

२० जून, शुक्रवार
बेरीज केली. पुणेकर पुढे. थोड्याच गुणांनी, पण पुढे. सगळा खेळ १७ चा.
पुन्हा केली. तेच.
जेवायच्या सुट्टीत खोलीचं दार लावून घेतलं. डबा उघडलाच नाही.

२३ जून, सोमवार
लिहून टाकते, नाहीतर ही वही तरी कशाला ठेवायची.
१७ ची ओळ काढली. एकोणीसच उरल्या, म्हणून जागा भरायला नवी घातली - "छापील कागदावर संस्थेचे चिन्ह नीट येते काय." दोघंही पास. आता मोठे पुढे. जुना तक्ता कंप्युटरमध्ये वेगळ्या नावानं ठेवलाय. का ठेवला, माहीत नाही. चोरसुद्धा असं करत नसेल.
मनाशी म्हणत होते, मॉड्यूल नंतर बसवूच की. मी हेड झाले की मीच बसवीन. पहिलं काम तेच.
सहीसाठी तक्ता खाली नेला. अप्पांचा चष्मा दुरुस्तीला गेलेला. कागद लांब धरून बघितला, मग म्हणाले, "तुमी बघितलंय न्हवं? मग झालं की." आणि सही केली. मी बोट ठेवलं होतं कुठे करायची ते दाखवायला. तेच बोट आता लिहिताना दिसतंय.

४ जुलै, शुक्रवार
मोठे ठरले. साहेबांनी माझ्या तक्त्याचं कौतुक केलं, "इतकं निःपक्षपाती काम." घरी सांगितलं. इरानं मिठी मारली. हे म्हणाले, "चला, चौदा वर्षांनी का होईना, किंमत कळली." पुणेकरांच्या त्या मुलाचा मेसेज आला, 'मॅडम, कुठे कमी पडलो सांगाल का? पुढच्या वेळी सुधारू.' उत्तर दिलं नाही. काय देणार होते?

१५ सप्टेंबर, सोमवार
हैदराबादहून आले. नवी पाटी लागली, पितळी. 'हेड, इंटिग्रेशन'. पेढे वाटले. अप्पांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, मग खाल्ला. मॉड्यूलचं साहेबांकडे काढलं. म्हणाले, "आधी सुरू तर होऊ दे. पुढच्या वर्षी बघू." मी मान हलवली. अजून थोडं भांडायला हवं होतं. रिक्षावाल्याशी सात रस्ता चौकात पाच मिनिटं भांडते मी.

६ ऑक्टोबर, सोमवार
प्लॅटफॉर्म सुरू. सकाळपासून एकही संदेश अडकला नाही. सगळे टाळ्या वाजवत होते.
परिपत्रकावर माझी सही - 'आजपासून सर्व हस्तलिखित नोंदवह्या बंद.' अप्पा वर आले. "मॅडम, माहेर-सासरची बी?" मी स्क्रीनवरून मान न उचलता म्हटलं, सगळ्याच. थोडा वेळ उभे राहिले. "बरं बरं," म्हणून गेले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
आज अक्षर घाण येईल.
सकाळी कुंभारी गावची एक पोरगी बाळंतपणाला आली. बावीस वर्षांची. सिझर करायचं ठरलं. त्याआधी एक अँटिबायोटिक देतात, ते दिलं. दोन मिनिटांत अंगावर गांधी, घसा सुजला, प्रेशर पडलं. धावाधाव. बाळ वाचलं, मुलगी आहे. आई आयसीयूत, घशात नळी.
लेबर रूमची यास्मिन सिस्टर इंजेक्शनचा ट्रे मांडीवर धरून बसली होती. "मॅडम, कसम से, मैंने देखा था. स्क्रीन पे साफ लिखा था, अ‍ॅलर्जी नोंद नाही." खरंच होतं. मी स्वतः बघितलं.
मग वॉर्डातून तिचं माहेरचं नाव घेतलं आणि खाली जाऊन जुनं शोधलं. सात वर्षांपूर्वी हीच पोरगी इथे तापानं अ‍ॅडमिट होती. माहेरचं नाव. तेच इंजेक्शन, तीच रिअ‍ॅक्शन, जाडजूड नोंद. दोन नोंदी, दोन नावं. मध्ये माझा प्लॅटफॉर्म, चकचकीत.
तिचं माहेरचं नाव पूजा. अप्पांनी सहज म्हणून घेतलं होतं ते नाव. देवा.

१९ नोव्हेंबर, बुधवार
अजून नळी. आयसीयूच्या काचेपर्यंत जाऊन आले. आत गेले नाही.
घरी भाजीत मीठ दोनदा पडलं. ह्यांनी ताकात भाकरी कुस्करून खाल्ली. त्यांना सांगायचं होतं. इरा समोर होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार
नळी काढली. पोरगी शुद्धीवर. आवाज बसलाय पूर्ण, कुजबुजते. बाळाला अजून छातीशी दिलं नाही.
तिची आई बाहेर फरशीवर बसलेली. मी समोरून जाताना उठली, माझे हातच धरले. "तुमीच न्हवं कंप्युटरच्या बाई? सायेब म्हनले, कंप्युटर होता म्हून बिगीबिगी कळलं, न्हायतर पोरगी हाती लागली नसती. तुमचं लई उपकार हायेत बघा."
मी म्हटलं, नाही हो, तसं काही नाही.
"आसं कसं? मी सांगत हुते की भाईर, माज्या पोरीला मागं एका सुईनं लई झालतं म्हून. नाव न्हाय आटवलं मला त्या सुईचं. आडानी हाय मी. माजंच चुकलं बाई."
तिचंच चुकलं म्हणे! हात सोडवून घेऊन बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. आणि बाहेर येऊन काय केलं? काही नाही. स्वतःच्या खोलीत गेले. पितळी पाटीच्या आत.

२२ नोव्हेंबर, शनिवार
चौकशी समिती. तक्ता टेबलावर. साहेब म्हणाले, जुन्या-नव्या नावांची परीक्षा यात कुठेच कशी नाही? रेकॉर्ड विभागानं सही केली आहे. रेकॉर्डनं हे सुचवायला नको होतं?
सगळे अप्पांकडे बघायला लागले. मीही. सगळे बघतात म्हणून मीही बघितलं!
अप्पा उभे होते. खुर्ची होती, पण बसले नव्हते. एकदा माझ्याकडे नजर टाकली, रागाची नाही, नुसतीच. म्हणाले, "सही माझीच हाय साहेब."
अप्पांना मेमो. मार्चमध्ये रिटायर होणार आहेत.
मी तोंड उघडलं होतं. इतकंच लिहू शकते, उघडलं होतं. मग साहेबांचा फोन वाजला आणि मीटिंग संपली आणि मला हायसं वाटलं. हायसं! थू माझ्यावर.

२३ नोव्हेंबर, रविवार
दुपारी अप्पांच्या घरी गेले. दारातच त्यांच्या मिसेस, "बर्री, बर्री, आत या." कन्नड-मराठी एका श्वासात. शेंगाची चटणी, कडक भाकरी, दही पुढे केलं. मेमोचं त्यांना ठाऊक नाही. अप्पांनी घरी सांगितलेलंच नाही.
त्या आत गेल्यावर मी म्हटलं, अप्पा, ती ओळ मी काढली.
"माहीत हाय की."
कधीपासून?
"चष्मा आला तवाच बघितलं. पहिल्या कागदाची झेरॉक्स हाय माझ्याकडं. रेकॉर्डवाला माणूस मी, कागद टाकून देतोय व्हय?"
मग बोलला का नाहीत? काल तरी?
भाकरीचा तुकडा मोडत बसले. मग म्हणाले, "तुमी पेढा दिला त्या दिवशी बोलायचं मनात होतं. तुमचं तोंड इतकं फुललं होतं. वाटलं, मॅडम करतील नंतर नीट. शिकलेलं माणूस हाय, कायतरी विचार करूनच काढलं आसंल."
काही विचार नव्हता अप्पा, मी म्हटलं. पाटी हवी होती मला.
त्यांनी दह्याची वाटी माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, ती झेरॉक्स द्या समितीला. तुमची सुटका होईल.
"माझी कॉपी माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. तुमची तुमच्याकडं आसंल की."
निघताना मिसेसनी चटणी बांधून दिली. घेतली मी. नको कशी म्हणू? ओट्यावर ठेवलीय, कोणी हात लावला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
ह्यांना सांगितलं. सगळं. मी म्हटलं, शिव्या द्या हवं तर. म्हणाले, "शिव्या कशाला? तू मला जुलैतच सांगायला हवं होतं. मी उगाच सगळ्या स्टाफरूमला सांगत फिरलो, बायकोनं कर्तृत्वावर मिळवलं म्हणून." ते जास्त लागलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार
साहेबांकडे गेले. जुना तक्ता छापून नेला होता. सांगितलं, ओळ होती, दहा गुणांची होती, मोठे नापास झाले होते, मी काढली.
साहेबांनी दार लावलं. कागद नीट वाचला, दोन्ही बाजू. मग घडी घालून माझ्याकडे परत सरकवला.
"पोरगी बरी आहे. उद्या-परवा घरी जाईल. नातेवाइकांची तक्रार नाही. अप्पा मार्चमध्ये जातायत, मेमोनं त्यांचं काही अडत नाही. तुमची अजून बारा वर्षं आहेत मॅडम. हे उघडून कोणाचं भलं होणार?"
मी म्हटलं, त्या मॉड्यूलचं? रोज येतात साहेब अशा मुली.
"बघू म्हटलं ना."
बाहेर आले. खरं सांगायचं तर बारा वर्षं हा शब्द डोक्यात घुमत होता. अप्पांचा नाही, पोरीचा नाही. बारा वर्षं, इराचं इंजिनिअरिंग. माणूस किती हलका असतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
पोरगी घरी गेली. रिक्षात बसताना बाळ तिच्या मांडीवर होतं. आईनं लांबून मला हात केला. मी पण केला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी निवेदन लिहिलं. एक पान. जुना तक्ता जोडला, नवा जोडला. मागणी दोनच, अप्पांचा मेमो मागे घ्या आणि ते मॉड्यूल बसेपर्यंत नोंदणीला वही चालू करा. सही केली. साहेबांकडे नाही नेलं, सरळ आवक कक्षात विश्वस्तांच्या नावे दिलं. शिक्का घेतला. क्लार्क म्हणाला, "मॅडम, नक्की?" मी म्हटलं, शिक्का मार, डोकं नको खाऊस.
दुपारपर्यंत कोणाचाच फोन नाही. साहेब जिन्यात भेटले, बघून न बघितल्यासारखं केलं.
तळघरात गेले. अप्पा रजेवर. मीच परिपत्रक काढलं होतं म्हणून वही रद्दीच्या गठ्ठ्यात असणार वाटलं. नव्हती. त्यांच्या टेबलाच्या खणात, फडक्यात गुंडाळून. वर नोंदणीला नेऊन ठेवावी म्हणून काढली आणि तिथेच स्टुलावर बसून चाळायला लागले. अप्पांचं अक्षर, सगळ्या पानांवर एकसारखं. डावीकडे सविता, रेणुका, शोभा, पद्मा. उजवीकडे वेगळ्याच बायका.
इराच्या जन्माचं वर्ष आलं.
डावीकडे लता, करमाळा. उजवीकडे अनुराधा, सोलापूर. खाली लाल पेननं - 'कॉलेजात असताना अ‍ॅडमिट, पेनिसिलिन चालत नाही. वर लेबर रूमला फोन केला. बदलले.'
पेनिसिलिनचं मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे तो फोन अप्पांचा होता. चौदा वर्षं रोज जिन्यात भेटतात, एकदाही बोलले नाहीत. त्यांच्या लेखी त्यात बोलण्यासारखं काय, कामच होतं ते.
किती वेळ बसले कोण जाणे. मग वही घेऊन वर आले, नोंदणीच्या मुलीला म्हटलं, जरा उठ. माझं नाव घातलं. अनुराधा, पूर्ण नाव, जन्मतारीख. आमचा प्लॅटफॉर्म, क्षणात आलं उत्तर. लॅब, औषधं, वॉर्ड, सगळं जुळलेलं.
अ‍ॅलर्जी - नोंद नाही.